कोणत्याच नोंदवहीत नसलेले विद्यार्थी : दहिवली-कर्जत परिसरातील प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय प्राचार्य आणि महाविद्यालय विकास समित्यांचे सदस्य,
दहिवली, कर्जत व खालापूर परिसरातील वरिष्ठ महाविद्यालये,
जिल्हा रायगड.

महोदय, महोदया,

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सुरक्षित लैंगिक संबंधांविषयी काय माहीत असते आणि त्यातले प्रत्यक्षात किती पाळले जाते, हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला गेलाच, तर तो मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांबद्दल विचारला जातो. उल्हास नदीकाठच्या दहिवलीत, जिथे नेरळ, भिवपुरी, खोपोली आणि आसपासच्या वाड्या-पाड्यांतून मुले-मुली लोकलने, एसटीने किंवा सहा आसनी रिक्षाने शिकायला येतात आणि त्यांतील बरीचशी आपापल्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच असतात, तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे आहे आणि त्याची किंमत या वयातील मुलांना, त्यांतही मुलींना, मोजावी लागते, हे आपल्यापुढे मांडण्यासाठी प्रस्तुत पत्र लिहिले आहे.

सुरक्षित लैंगिक संबंध म्हणजे ज्या संबंधाला दोन्ही व्यक्तींची मोकळी संमती आहे, ज्यातून नको असलेली गर्भधारणा होऊ नये याची तजवीज केलेली आहे आणि ज्यातून लिंगसांसर्गिक आजार, म्हणजेच बोलीत ज्यांना गुप्तरोग म्हणतात ते आजार, एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा धोका शक्य तितका कमी केलेला आहे, असा संबंध. यांतील एकच बाजू सांभाळली आणि बाकीच्या सोडल्या, तर त्या संबंधाला सुरक्षित म्हणता येत नाही. आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुधा तसेच घडते, कारण त्यांच्यापर्यंत पोहोचणारी माहिती तुकड्यातुकड्यांनी आणि वेगवेगळ्या हेतूंनी दिलेली असते.

शासनाच्या आरोग्ययंत्रणेत या वयाच्या माणसांसाठी दोन दारे आहेत. पहिले दार राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचे. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम १० ते १९ या वयोगटासाठी असून त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रे चालवली जातात, ज्यांना महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने ओळखले जाते. दुसरे दार कुटुंबनियोजनाचे. त्याची सारी मांडणी ‘पात्र जोडपे’ या कल्पनेवर उभी आहे. ज्या विवाहित जोडप्यातील पत्नी १५ ते ४९ या वयाची आहे ते पात्र जोडपे, त्याची नोंद आरोग्यसेविकेच्या वहीत होते आणि २०११ पासून आशा कार्यकर्ती गर्भनिरोधके त्याच्या घरी पोहोचवते. आता पदवीच्या शेवटच्या वर्षातील, वीस वर्षांच्या, अविवाहित विद्यार्थिनीचा विचार करावा. वयाने ती पहिल्या यादीतून बाहेर पडली आहे आणि लग्न झाले नसल्याने दुसऱ्या यादीत तिचे नाव येऊ शकत नाही. सरकारी रुग्णालयात जाऊन सल्ला मागण्यापासून, तपासणी करून घेण्यापासून किंवा मोफत निरोध (कंडोम) नेण्यापासून तिला कोणताही कायदा अडवत नाही, हे खरे. पण तिची विचारपूस करणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नाही. वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यानंतरचा महाविद्यालयाचा काळ हा या दोन नोंदवह्यांमधील मोकळा पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यात विद्यार्थ्याला रोज भेटणारी, त्याला नावाने ओळखणारी सार्वजनिक संस्था एकच उरते, ती म्हणजे महाविद्यालय. म्हणूनच हे पत्र आरोग्य विभागाला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

मोठ्या शहरात या मोकळ्या पट्ट्याची उणीव काही अंशी अनोळखीपणामुळे भरून निघते. लहान गावात तसे होत नाही. दहिवली-कर्जतच्या बाजारपेठेत मेडिकलच्या दुकानात उभे राहिलेले गिऱ्हाईक कोणाचा मुलगा किंवा कोणाची मुलगी आहे हे काउंटरमागच्या माणसाला ठाऊक असण्याची शक्यता मोठी असते. सरकारी दवाखान्यातील केसपेपरच्या रांगेत शेजारची काकू उभी असू शकते. आणि ज्या शिक्षकाला विचारावे तो बहुधा वडिलांच्या परिचयाचा असतो. मुलाला निदान लोकलने बदलापूर किंवा कल्याण गाठून अनोळखी दुकानात जाता येते, मुलीला तेही सहजासहजी जमत नाही. ज्ञान आणि आचरण यांतील अंतर मोजणारे अभ्यास हे अंतर अनेकदा बेफिकिरीच्या खात्यावर टाकतात. लहान गावापुरते बोलायचे तर ते अंतर मुख्यतः लाजेचे आणि ओळखले जाण्याच्या भीतीचे आहे, आणि ही भीती निराधार नाही, कारण अशा गावात बातमी खरोखरच फिरते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांविषयी या बाबतीत काय माहीत आहे, याकडे वळू. १९९६-९७ मध्ये लीना अब्राहम आणि के. अनिल कुमार यांनी मुंबईतील अल्प उत्पन्न गटातल्या ९६६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ४७ टक्के मुलांनी व १३ टक्के मुलींनी भिन्नलिंगी व्यक्तीशी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या शारीरिक जवळिकीचा अनुभव असल्याचे सांगितले, तर प्रत्यक्ष समागमाचा अनुभव २६ टक्के मुलांनी आणि ३ टक्के मुलींनी सांगितला. या अभ्यासाला पाव शतक उलटून गेले आहे, मोबाइल फोन त्यानंतर सर्वांच्या हाती आला, आणि तरीही हे आकडे आजच्या वाचकाला अंतर्मुख करतील असे आहेत, कारण ते उच्चभ्रू वर्गातल्या मुलांचे नसून चाळीत आणि वस्तीत राहून शिकणाऱ्या मुलांचे आहेत. मुलांच्या आणि मुलींच्या आकड्यांतील तफावत सगळी वर्तनाचीच मानणे मात्र योग्य होणार नाही. ज्या समाजात होकार देणाऱ्या मुलीला गमावण्यासारखे बरेच असते, तिथे तिचे मौन आकड्यांत ‘नाही’ म्हणून नोंदले जाते. अब्राहम यांनीच पुढे, २००२ मध्ये, या वयातील मैत्रीचे प्रकार मुलामुलींच्याच शब्दांत मांडले : ‘भाई-बहेन’, ‘टाइमपास’ आणि ‘ट्रू लव्ह’. हे शब्द कर्जत लोकलच्या डब्यात आजही ऐकू येतात. या वर्गवारीतून आरोग्याच्या दृष्टीने निघणारा अर्थ गंभीर आहे, कारण ज्या नात्याला ‘ट्रू लव्ह’ म्हटले जाते त्यात निरोधाची गोष्ट काढणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे वाटू लागते, आणि ज्याला ‘टाइमपास’ म्हटले जाते त्यात एकमेकांची जबाबदारी घेण्याचा प्रश्नच उरत नाही. दोन्हीकडे संरक्षण बाजूला पडते, फक्त कारणे वेगळी असतात.

ज्ञानाची स्थितीही समाधानकारक नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांपैकी ६८.४ टक्के आणि पुरुषांपैकी ८२ टक्के जणांना निरोधाच्या नियमित वापराने एचआयव्हीचा धोका कमी होतो हे माहीत होते; परंतु एचआयव्हीविषयी सर्वंकष ज्ञान केवळ २१.६ टक्के स्त्रियांना आणि ३०.७ टक्के पुरुषांना होते. सर्वंकष ज्ञान याचा अर्थ निरोध व एकच निरोगी जोडीदार यांमुळे धोका घटतो हे माहीत असणे, निरोगी दिसणाऱ्या माणसालाही लागण झालेली असू शकते हे उमगलेले असणे आणि संसर्गाविषयीचे प्रचलित गैरसमज नाकारता येणे. म्हणजे घोषवाक्य बहुतेकांपर्यंत पोहोचले, पण त्यामागची समज पोहोचली नाही. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, महाविद्यालयांत होणाऱ्या रांगोळी स्पर्धा, भित्तिपत्रके आणि प्रभातफेऱ्या या घोषवाक्याच्याच टप्प्यावर थांबतात.

समजेच्या टप्प्यावर काय सांगायला हवे, ते थोडे विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण या तपशिलांतच खरा फरक पडतो. निरोध म्हणजे कंडोम. भारतात हे नाव १९६८ पासून शासनाच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमामुळे घरोघर पोहोचले. दर वेळी आणि अचूक वापरल्यास वर्षभरात शंभर स्त्रियांपैकी सुमारे दोघींना गर्भ राहतो, तर लोक सर्वसाधारणपणे जसा वापरतात तसा वापरल्यास सुमारे तेरा जणींना. दोन आणि तेरा यांतील हे अंतर साधनाच्या दोषामुळे पडत नाही, ते वापरातील चुकांमुळे पडते, आणि त्या चुका अगदी साध्या असतात : पाकिटावरील मुदत न पाहणे, ते महिनोन्‌महिने पैशाच्या पाकिटात उष्णतेत ठेवणे, दाताने फोडणे, टोकाशी राहिलेली हवा न काढणे, संबंधाच्या मध्येच घालणे, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावणे (तेलाने लॅटेक्स, म्हणजे निरोधाचे रबर, कमकुवत होते), जास्त सुरक्षिततेच्या कल्पनेने एकावर एक दोन घालणे, आणि नंतर कड न धरता बाहेर काढणे. वीर्यपतनापूर्वी बाजूला होण्याच्या पद्धतीवर विसंबणाऱ्यांत वर्षभरात शंभरातील सुमारे वीस जणींना गर्भ राहतो, आणि आजारांपासून ती पद्धत कोणतेही भरवशाचे संरक्षण देत नाही.

दुकानात ‘आय-पिल’ किंवा ‘अनवाँटेड-७२’ या नावांनी मिळणाऱ्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल तर विशेष सांगायला हवे, कारण विद्यार्थ्यांमध्ये तिच्याइतके गैरसमज दुसऱ्या कोणत्याही साधनाबद्दल नसावेत. लेव्होनॉर्जेस्ट्रेल या संप्रेरकाची ही गोळी असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके अधिक चांगले, अशी घ्यायची असते. ती मुख्यतः बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया लांबवून काम करते, आधीच राहिलेला गर्भ ती पाडत नाही, आणि एचआयव्ही, सिफिलिस (गरमी) किंवा गोनोरिया (परमा) यांपासून ती मुळीच वाचवत नाही. ‘तू गोळी घे’ या एका वाक्याने मुलगा आपली जबाबदारी मुलीच्या शरीरावर ढकलतो, ही गोष्ट वर्गात मुलांसमोर स्पष्ट शब्दांत बोलली गेली पाहिजे.

लिंगसांसर्गिक आजारांविषयीची सर्वांत घातक समजूत म्हणजे ते झाले तर कळतातच. क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे जिवाणूजन्य आजार स्त्रियांमध्ये बहुतेकदा कोणतेही लक्षण न दाखवता राहतात आणि उपचार न झाल्यास गर्भनलिकांना इजा करून पुढे वंध्यत्वाचे कारण ठरू शकतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, त्वचेच्या स्पर्शातून पसरत असल्याने निरोधाने त्याचा धोका कमी होतो पण संपत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी याच विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो. त्यावरील लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हाव्हॅक’ या नावाने तयार केली असून तिला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जिल्ह्यात बनणारी ही लस आपल्या वर्गातील किती मुलींना नावाने तरी ठाऊक आहे, हे एकदा विचारून पाहावे. एचआयव्हीच्या बाबतीत, संसर्गाची शक्यता असलेला प्रसंग घडला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधे असतात, नियमित उपचाराने ज्यांच्या रक्तातील विषाणू मोजण्याइतकेही उरलेले नसतात त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, आणि १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते, या तीन गोष्टी मुलांना माहीत असत्या तर भीतीचे प्रमाण पुष्कळ उतरले असते.

हे सारे सांगण्यात नवे काही नाही, आणि ते मराठीत सांगण्याची परंपरा तर याच कोकणातील माणसाने सुरू केली. दापोलीजवळच्या मुरुडला १८८२ मध्ये जन्मलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी त्यांना सोडावी लागली. आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला, तो वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांबद्दल होता. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, आणि लैंगिक विषयावरचे लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही अशी बाजू त्यांनी मांडली. तरीही निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड झाला. त्या वाचकांच्या मनात हस्तमैथुनाने शक्ती जाते का, अशा ज्या शंका होत्या, त्याच आज लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’च्या जाहिराती पैशांत रूपांतरित करतात. शिक्षणसंस्था गप्प राहते तेव्हा प्रश्न संपत नाही, तो त्या जाहिरातीवरच्या फोन नंबरकडे जातो, आणि अलीकडे त्याहून अधिक वेळा मोबाइलवरील अश्लील चित्रफितींकडे, ज्यांत निरोध क्वचितच दिसतो आणि संमतीचा विचार जवळपास नसतोच.

शिकवल्याने मुले बिघडतील, ही शंका पालकांच्या मनात असते आणि ती तुच्छतेने झटकून टाकू नये, कारण तिच्यामागे काळजी असते. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, तोही अशाच विरोधामुळे. परंतु युनेस्कोने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत जगभरातील अभ्यासांचा आढावा घेऊन असे नमूद केले आहे की शास्त्रशुद्ध लैंगिक शिक्षणामुळे मुले लवकर संबंध ठेवू लागतात असे दिसत नाही. आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत ‘तारुण्यभान’ ही शिबिरे मराठीतून आणि आदिवासी मुलामुलींसह घेतली आहेत. जे गडचिरोलीत बोलता येते ते ठाकूर-कातकरी वाड्यांतून मुले येणाऱ्या कर्जत तालुक्यात बोलता येणार नाही, असे म्हणणे पटण्यासारखे नाही.

कायद्याची भीती हे शिक्षकांच्या मौनाचे दुसरे कारण आहे, आणि तिथे स्पष्टता हवी. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार, १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरली जात नाही, आणि असा अपराध घडल्याचे समजल्यावर कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. आपल्या संस्थांना जोडलेल्या अकरावी-बारावीच्या वर्गांसाठी ही बाब महत्त्वाची असून ती मुलांना आधीच सांगितली गेली पाहिजे, म्हणजे कोणाशी काय बोलल्यावर पुढे काय होऊ शकते हे त्यांना कळेल. मात्र माहिती देणे हा अपराध नाही. १८ पूर्ण केलेल्या विद्यार्थिनीसाठी तर कायदा पुष्कळ पुढे गेला आहे : २०२१ च्या दुरुस्तीने वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यातील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले, २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीला विवाहितेप्रमाणेच २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ मिळेल असे स्पष्ट केले, आणि सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी स्वतःच्या संमतीखेरीज इतर कोणाच्या संमतीची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळेच मुली चोरून मिळवलेल्या गोळ्यांचा किंवा अपात्र व्यक्तींचा आश्रय घेतात आणि जीव धोक्यात घालतात. सर्वोच्च न्यायालयाच्याच ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञान समलिंगी व्यक्तींचे संमतीचे संबंधही गुन्हा राहिलेले नाहीत. म्हणून वर्गात दिली जाणारी माहिती त्यांना वगळून दिलेली नसावी.

आपल्या हातात आज काय आहे, हे पाहिले तर नवीन इमारत किंवा नवीन पद लागणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या पदवीच्या आराखड्यात सहशैक्षणिक विषयांत ‘आरोग्य व स्वास्थ्य’ या विषयाला श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजला जाणारा अभ्यासाचा वेळ, दिलेला आहे. तो योगासने आणि आहार यांवरच न संपवता त्यातील काही तासिका या विषयाला देता येतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे एकक आहे, आणि रेड रिबन क्लब, म्हणजे एड्सविषयक जनजागृतीसाठी महाविद्यालयांत चालवला जाणारा विद्यार्थी गट, ही व्यवस्था तर याच कामासाठी निर्माण झाली. सरकारी रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, आणि लिंगसांसर्गिक आजारांसाठीची ‘सुरक्षा क्लिनिक’ चालतात. त्यांतील समुपदेशक मराठी बोलतात, तपासणी मोफत असते, आणि २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, संमतीशिवाय चाचणी करण्यास व निकाल उघड करण्यास मनाई करतो. उणीव आहे ती महाविद्यालयाच्या फाटकापासून त्या समुपदेशकाच्या खोलीपर्यंत विद्यार्थ्याला नेणाऱ्या एका विश्वासू माणसाची.

म्हणून अशी विनंती आहे की प्रत्येक महाविद्यालयाने एक शिक्षिका व एक शिक्षक यांना या कामाचे प्रशिक्षण घ्यायला लावावे आणि त्यांची नावे सूचनाफलकावर लावावीत. समुपदेशकाला कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून वर्षातून एकदा भाषणाला बोलावण्याऐवजी ठरलेल्या दिवशी महाविद्यालयातच बसण्याची सोय करावी, म्हणजे रुग्णालयाच्या रांगेत ओळखले जाण्याची भीती उरणार नाही. पहिल्या सत्रात मुलांचे व मुलींचे प्रश्न चिठ्ठ्यांवर, नावाविना, घेऊन त्यांची उत्तरे दोघांना एकत्र बसवून द्यावीत. आणि शासनाकडून मोफत मिळणारे निरोध अशा जागी ठेवावेत की जिथून ते कोणालाही न विचारता घेता येतील. शेवटच्या सूचनेला सर्वांत जास्त विरोध होईल, याची पूर्ण कल्पना आहे. पण बाकी सारे केले आणि तेवढे टाळले, तर मुलांना माहिती मिळेल आणि ती वापरण्यासाठी त्यांना पुन्हा त्याच ओळखीच्या काउंटरसमोर उभे राहावे लागेल.

महाविद्यालय विकास समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, त्या बैठकीला विद्यार्थी प्रतिनिधींना बोलू द्यावे आणि जो निर्णय होईल तो, होकाराचा असो वा नकाराचा, कारणांसह लेखी जाहीर करावा, ही आग्रहाची विनंती.